डिश हलवू नका

चंडोल यानाकडून शेवटचा संदेश येऊन तेरा दिवस झाले होते, आणि शिरवळच्या पठारावरच्या अंतराळ-संपर्क केंद्रात आता कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

यानात तिघं होते. कमांडर चारुशीला डोईफोडे आणि तिचे दोन सहकारी एका लघुग्रहावरचे खडक घेऊन परत येत होते. तेरा दिवसांपूर्वी, सकाळी दहाच्या सुमारास, वाटाण्याएवढा एक दगड यानावर आदळला. त्याने मुख्य अँटेना मोडली आणि बाजूची एक वायूची टाकी फोडली. टाकीतला वायू फवाऱ्यासारखा बाहेर पडू लागला आणि यान आपल्या वाटेवरून ढकललं जाऊ लागलं. एवढं सांगणारी चाळीस सेकंदांची आकडेवारी पृथ्वीवर पोचली आणि मग सगळं गप्प झालं.

केंद्राच्या संचालक डॉ. रेणू पेंढारकर अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. तेराव्या दिवशी त्यांनी फक्त संदेश-अभियंता सदानंद गावित यांना आपल्या खोलीत बोलावलं.

"अकरा दिवसांनी यान वातावरणापाशी पोचेल," त्या म्हणाल्या. "नेमक्या कोनात आत शिरलं तर खाली येईल. जरा उथळ शिरलं तर पाण्यावरून चपटा दगड उडावा तसं उडून जाईल, आणि परत येणार नाही. वाट दुरुस्त करायला इंजिन पेटवावं लागेल. जितका उशीर तितकं इंधन जास्त. पाच दिवसांनंतर टाकीत पुरेसं इंधनच नसेल. मोहिमेची समिती म्हणते, त्या चाळीस सेकंदांवरून हिशोब करा आणि आजच आज्ञा पाठवा."

"पण यान आत्ता नक्की कुठे आहे हे आपल्याला माहीत नाही, मॅडम."

"अंदाज आहे."

"अंदाजच आहे."

पृथ्वीचा आवाज मोठा होता. यानाला तो बहुधा अजून ऐकू जात होता. अडचण उलट बाजूची होती. मुख्य अँटेना गेल्यावर यानाकडे एकच बोलतं यंत्र उरलं होतं, ते म्हणजे लघुसंवादक. यान आणि लघुग्रहावर उतरणारी कुपी यांनी वीस किलोमीटरच्या आत एकमेकांशी बोलावं म्हणून बसवलेली ती हातभर पेटी. ती घरगुती टीव्हीच्या डिशला लागतात त्याच सुट्या भागांतून बनवली होती आणि त्याच लहरींवर बोलत होती. जगातल्या, अंतराळ ऐकणाऱ्या मोठ्या अँटेनांना त्या लहरी पकडणारे ग्राहकच बसवलेले नव्हते. ते बनवून बसवायला चोवीस दिवस लागणार होते. टीव्ही कंपन्यांच्या अकरा मीटरच्या डिशा दोन वेळा वळवून पाहिल्या. त्यांत काहीच आलं नाही. पेटीचा आवाज तेवढ्यासाठी फारच बारीक होता.

"मी सहश्रवण करून पाहीन म्हणतो," गावित म्हणाले. शब्द त्यांनीच बनवलेला होता. "एका कानाला जे ऐकू येत नाही ते दहा लाख कानांना येतं. राज्यात अजून साधारण दहा लाख घरांवर डिश आहे, डोंगरातल्या गावांत तर जास्तच. प्रत्येकीने दहा मिनिटं एकाच दिशेला ऐकायचं, ऐकलेलं टिपून आपल्याकडे पाठवायचं. आपण सगळी टिपणं एकावर एक ठेवून बेरीज करायची. खरखर प्रत्येकीची वेगळी असते, ती एकमेकीला खाऊन टाकते. यानाचा आवाज सगळ्यांत सारखा, तो वाढत जातो. साठ सेंटिमीटरच्या दहा लाख डिशा म्हणजे सहाशे मीटर व्यासाची एक डिश झाली."

"आणि दहा लाख लोक आपापली डिश यानाकडे वळवणार?"

"तेच बघायला खाली गावात जातोय."

"उद्या दुपारपर्यंत वेळ आहे," पेंढारकर म्हणाल्या. "मग मी आज्ञा पाठवते."

शिरवळच्या बाजारपेठेत 'लोणारी डिश सेंटर' अशी जुनी पाटी होती. मालकीण अनसूया लोणारी अठ्ठावीस वर्षं डिशा बसवत होती. नवऱ्याला गुडघ्यांमुळे गच्चीवर चढवेना, तेव्हा तिने पाना हातात घेतला होता, तो पुन्हा खाली ठेवला नव्हता.

"कुठली दाखवू साहेब?" तिने विचारलं. "झाडी जास्त असंल, पावसाचा जोर असंल, तर नव्वदची घ्या. साध्या गच्चीवर साठची पुरती. जाळीची मोठी हाय, पण ती घरासाठी उगीच."

"घरोघरी असते तीच द्या."

"मग साठची. बसवायची कुठं?"

"तुमच्याच गच्चीवर. लगेच."

अनसूयेने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि सामान उचललं. गच्चीवर तिने आधी लोखंडी खांब रोवला आणि दोरीला ओळंबा लावून तो दोन बाजूंनी पाहिला. "खांब सरळ नसंल तर पुढचं समदं फुकट," ती म्हणाली. मग डिश चढवली. तिच्यासमोरच्या दांड्यावर लहरी गोळा करणारी डबी बसवली, ती किंचित तिरकी फिरवली. होकायंत्र पाहून तोंड दक्षिणेला आणि थोडं पूर्वेला केलं आणि कोन मोजून उंची धरली. हातातल्या मीटरने बारीक शीळ घातली. तिने केसभर इकडे, केसभर तिकडे असं करत शीळ जिथे सर्वांत तीव्र झाली तिथे नट आवळले.

"झालं. चित्र येईल."

"आता ती इथून काढून तिकडे वळवा," गावितांनी आकाशातली एक जागा बोटाने दाखवली.

"तिकडं काय हाय?"

गावितांनी तिला सगळं सांगितलं. ती पाना हातात धरून ऐकत राहिली. बातम्यांत तिने तिघांचे फोटो पाहिले होते. मग तिने नट सैल केले आणि डिश दाखवलेल्या दिशेला वळवली. मीटर मुका झाला.

"साहेब, बरोबर बसली का न्हाई ते आता मला कसं कळावं?"

"गणिताने."

"माझ्याकडं मीटर हाय, अठ्ठावीस वर्सांचा हात हाय, तरी मी शीळ ऐकल्याबिगर नट आवळत न्हाई. घरातली माणसं गणितानं वळवतील? दोन बोटं चुकली की डिश दुसरीकडंच बघती. आन् एकदा हलवल्यावर पुन्हा टीव्ही लावायला पंधरा दिस माझ्या दारात रांग."

गावितांना आणखी एक गोष्ट छळत होती, ती त्यांनी बोलून दाखवली. "दुसरंही एक आहे, ताई. टिपणं एकावर एक ठेवायची तर सगळ्यांचा ताल एक हवा. प्रत्येक डबीतलं घड्याळ आपल्या मर्जीने मागे-पुढे होतं. दहा लाख घड्याळं जुळवायला माझ्याकडे काही नाही."

"लेझमीला ढोल लागतो तसं?"

"अगदी तसं."

अनसूया कठड्यावर टेकली. "मग डिश हलवताच कशाला? मार्चात आन् ऑक्टोबरात आठ-धा दिस आमचे हाल असत्यात. रोज ठरल्या वेळी पाच-सात मिनिटं चित्र जातं. गिऱ्हाईक म्हणतं डिश बिघडली. डिशला काय झालेलं नसतं. सूर्यच फिरत फिरत उपग्रहाच्या पाठीमागं येतो. डिश जाग्यावरच असती, सूर्य तिच्या नजरेत येतो. तुमचं यान न्हाई का येत तसं?"

गावितांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग खिशातला फोन काढला. गच्चीच्या तापलेल्या फरशीवर मांडी घालून त्यांनी आकडे मांडायला सुरुवात केली. यान येताना आकाशात रोज साधारण एक अंश उत्तरेकडे सरकत होतं. आज ते आकाशातल्या विषुववृत्ताच्या सात अंश दक्षिणेला होतं. महाराष्ट्रातून पाहिलं तर टीव्हीचे उपग्रह तीन अंश दक्षिणेला दिसतात. चार दिवस. चौथ्या दिवशी, पृथ्वीच्या फिरण्याबरोबर मावळतीकडे सरकताना, यान नेमकं टीव्हीच्या उपग्रहामागून जाणार होतं. समितीचा अंदाज थोडा चुकला असला तरी ते दिसणार होतं, कारण डिशची नजर दोन अंश रुंद असते.

"आणि डिश उपग्रहाकडेच राहिली," ते हळू बोलले, "तर उपग्रहाचाही आवाज त्याच टिपणात येईल. सगळ्या घरांत तोच कार्यक्रम, तोच ताल. ढोल मिळाला, ताई."

दुसऱ्या दिवशी दुपारी पेंढारकरांच्या खोलीत गावितांनी फळ्यावर तीनच ओळी लिहिल्या. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "आज आज्ञा पाठवली तर इंधन हाताशी राहतं. तीन दिवस थांबलो आणि काहीच ऐकू आलं नाही, तर उरलेल्या एका दिवसात हीच आज्ञा शेवटच्या थेंबांवर पाठवावी लागेल. तेव्हा चूक झाली तर पुन्हा संधी नाही."

"आज चूक झाली तर कळणारही नाही," गावित म्हणाले.

पेंढारकरांनी फळ्याकडे पाहिलं. यानातली चारुशीला त्यांची विद्यार्थिनी होती. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी ते नाव घेतलं नाही. "आज्ञा तयार ठेवा," त्या म्हणाल्या. "पाठवू नका. आपण थांबतोय."

पुढचे तीन दिवस ज्यांनी पाहिले त्यांना ते बराच काळ आठवत राहिले. अनसूयेने फोनवर एक मिनिटाचा निरोप बोलून ठेवला आणि आपल्या ओळखीच्या डिशवाल्यांना पाठवला. "डिश हलवू नका. हलली असंल तर शीळ ऐकून नीट करा. बुधवारी संध्याकाळी सव्वासहा ते साडेसहा टीव्ही चालू ठेवा, सांगितलेली वाहिनी लावा, बदलू नका. तिघांना घरी आणायचंय." तो निरोप संध्याकाळपर्यंत वेंगुर्ल्यापासून गोंदियापर्यंत फिरला. गावितांच्या गावी, धडगावला, कोणीतरी तो पावरी बोलीत सांगितला. किनवटला डिशवर वाळत घातलेली गोधडी निघाली. वेल्ह्याजवळच्या एका वाडीत सत्तरीतला एक जुना डिशवाला शिडीवर चढून बारा घरांच्या डिशा ओळीने सरळ करून उतरला आणि मगच जेवला. ज्यांच्या डिशा वर्षानुवर्षं वाकड्या होऊन बंद पडल्या होत्या, त्यांनीही त्या लावून घेतल्या.

टीव्ही कंपनीने दोन गोष्टी मान्य केल्या. घराघरातल्या टीव्हीच्या पेट्यांना ऐकलेलं टिपायला शिकवणारी आज्ञावली रात्रीतून पाठवली. आणि लघुसंवादक ज्या लहरीवर बोलत होता तिथली स्वयंपाकाची वाहिनी पंधरा मिनिटं बंद ठेवायचं ठरवलं, म्हणजे यानाचा आवाज तिच्या आवाजात मिसळून जाणार नाही. ताल धरण्यासाठी शेतीविषयक वाहिनी निवडली, कारण तिचा संकेत सर्वांत स्थिर होता. अडचण एवढीच होती की त्याच वेळी क्रिकेटचा अंतिम सामना संपत आलेला असणार होता.

"लोक सामना सोडून सोयाबीनवरचं व्याख्यान बघतील?" पेंढारकरांनी विचारलं.

"विचारून बघायचं," अनसूया म्हणाली. गावितांनी तिला केंद्रात बोलावून घेतलं होतं, आणि राज्यभरच्या डिशवाल्यांचे फोन आता तिच्याच टेबलावर येत होते.

बुधवारी सहा वाजून बारा मिनिटांनी नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर राज्याचा नकाशा उजळला. चालू असलेली प्रत्येक पेटी त्यावर एक हिरवा ठिपका होती. सहा वाजून तेरा मिनिटांनी तीन लाख ठिपके होते, चौदा मिनिटांनी पाच लाख. सामन्याची शेवटची चार षटकं उरली होती. सव्वासहाला नऊ लाख चाळीस हजार.

"बघतायत," कोणीतरी म्हणालं.

यान उपग्रहामागे येण्याची वेळ सगळीकडे एक नव्हती. ढगाची सावली रानावरून सरकावी तशी ती पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत होती. आधी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. मग कोल्हापूर, सातारा, शिरवळ. सोलापूर, लातूर, नांदेड. सर्वांत शेवटी गोंदिया आणि गडचिरोली. टीव्हीवर एक कृषी अधिकारी शांतपणे बियाण्याची उगवणशक्ती समजावून सांगत होते, आणि राज्यातल्या लाखो घरांत माणसं त्यांचं प्रत्येक वाक्य ऐकून घेत होती. साडेसहाला सावली राज्याबाहेर पडली. पेट्यांनी घरोघरच्या इंटरनेटवरून टिपणं पाठवायला सुरुवात केली.

पहिल्या पन्नास हजार टिपणांच्या बेरजेत काही नव्हतं. नुसती खरखर. एक लाखालाही नव्हतं. गावितांनी खुर्ची पुढे ओढली. अनसूया त्यांच्या मागे उभी राहून पडद्यावरची वेडीवाकडी रेघ बघत होती. दोन लाख चाळीस हजाराला रेघेच्या मधोमध एक उंचवटा उगवला. तो इतका लहान होता की खरखरीचाच भाग वाटावा. तीन लाखाला तो गेला नाही. चार लाखाला तो बोटाएवढा झाला.

"शीळ वाजली," अनसूया म्हणाली.

संदेश अक्षरांचा होता. यान तो थांबून थांबून पुन्हा पुन्हा पाठवत होतं. सहा लाखाला अक्षरं दिसू लागली, पण तुटक. 'तिघे' हा शब्द आधी जुळला. त्यानंतर 'ठीक'. कक्षात कोणी टाळी वाजवली नाही. सगळे पुढच्या अक्षरांची वाट बघत होते. आठ लाखाला पूर्ण संदेश पडद्यावर उभा राहिला, आणि गावितांनी तो मोठ्याने वाचला.

"चंडोल. तिघे ठीक. वायूने चुकवलेली दिशा त्याच दिवशी तारे मोजून आम्ही हाताने दुरुस्त केली. वाट बरोबर आहे. तुम्हाला आमचं ऐकू येत नाही हे कळतं. कृपया दुरुस्तीची आज्ञा पाठवू नका. आली तर तुम्ही आमची वाट मोजली आहे असं समजून आम्ही ती पाळू, कारण तुमचे आकडे आमच्यापेक्षा खरे असतात."

समितीतले ते ज्येष्ठ सदस्य सर्वांत आधी बोलले. "तारे मोजण्यात त्यांची चूक झाली असू शकते. हातातल्या यंत्राने मोजलंय. त्यांच्या शब्दावर..."

"शब्दावर नको," गावित म्हणाले. "रत्नागिरीचं टिपण आणि गोंदियाचं टिपण यांत नऊशे किलोमीटरचं अंतर आहे. तोच आवाज दोन ठिकाणी क्षणाच्या किती बारीक फरकाने पोचला ते आपल्याकडे आहे. ऐकणारे कान जितके लांब-लांब, तितकी दिशा अचूक. यान कुठे आहे ते आता कोणाला विचारायची गरज नाही."

हिशोबाला पस्तीस मिनिटं लागली. पडद्यावर दोन वाटा आल्या. लाल वाट समितीच्या अंदाजाची होती. तिच्यापासून जवळजवळ चौदा हजार किलोमीटर दूर, हिरवी वाट डिशांनी मोजलेली होती. हिरवी वाट सरळ वातावरणाच्या त्या अरुंद दारात जात होती. मग गावितांनी तयार ठेवलेली आज्ञा हिरव्या वाटेला लावून पाहिली. वाट वाकली, पृथ्वीच्या कडेवरून उथळ गेली आणि पुढे मोकळ्या अंतराळात निघून गेली.

चार दिवसांपूर्वी ती आज्ञा पाठवायला पेंढारकरांना एक कळ दाबायची होती. तिघांनी इमानाने ती पाळली असती. आणि पृथ्वीवर सगळ्यांना अखेरपर्यंत वाटलं असतं की आपण त्यांना वाचवायचा प्रयत्न केला.

ज्येष्ठ सदस्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रेणू," ते म्हणाले, "मी सही करायला निघालो होतो."

"मीही," पेंढारकर म्हणाल्या.

त्यांनी पडद्यावरची आज्ञा पुसली. मग प्रक्षेपकासमोर बसून त्यांनी उत्तर लिहिलं. ते सहा शब्दांचं होतं: 'सगळं ऐकलं. काही करू नका. या.'

"एवढंच?" अनसूयेने विचारलं.

"एवढंच पुरेसं आहे, ताई."

उत्तर निघालं तेव्हा आठ वाजत आले होते. बाहेर शिरवळच्या बाजूने फटाक्यांचे आवाज येऊ लागले. कोणाला तरी बातमी लागली होती. अनसूयेच्या टेबलावरचे सगळे फोन एकाच वेळी वाजत होते, आणि ती एकेक उचलून डिशवाल्यांना, नाव घेऊन, सांगत होती की तिघं ठीक आहेत.

सातव्या दिवशी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी चंडोल मालवणपासून साठ किलोमीटरवर समुद्रात उतरलं. नौदलाच्या होडीवरून यानाचं दार उघडलं गेलं. आधी दोन्ही सहकारी बाहेर आले. शेवटी चारुशीला डोईफोडे आली. तिने दाराच्या कडेला धरून वारा घेतला, आणि तिथेच बसली. कोणीतरी तिला पाण्याची बाटली दिली. ती सगळी प्यायल्यावर तिने विचारलं, "आमचं ऐकलं कोणी?"

होडीवरचा तरुण खलाशी देवरुखचा होता. त्या बुधवारी तो रजेवर घरी होता.

"आमच्या घरच्यांनी," तो म्हणाला.